एकाच रेणूची दोन नावे

पायात काटा मोडला आणि तो वेळीच काढला नाही, की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते आणि ठणकू लागते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने नोंदवून ठेवली होती. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ती आजही तशीच सापडतात. त्यांतील सुजेसाठी त्याने वापरलेला लॅटिन शब्द होता ‘ट्यूमर’. पुढे त्या शब्दाला ‘गाठ’ हा अर्थ चिकटला. हा शब्द आपल्याला या लेखात पुन्हा भेटणार आहे.

दाह हे शरीराच्या संरक्षणाचे काम आहे, हे आपण वर्गात शिकवतो. पांढऱ्या पेशी काट्याच्या जागी जमतात, जिवाणूंना गिळतात, पू होतो, इत्यादी. पण एक प्रश्न चौकस विद्यार्थ्याला पडायला हवा. पांढऱ्या पेशी तर रक्ताबरोबर साऱ्या शरीरातून वाहत असतात. नेमके पायाच्या अंगठ्यापाशीच थांबायचे, हे त्यांना कोण सांगते?

उत्तर असे, की पेशीच पेशींना सांगतात. जिवाणूची चाहूल लागलेली पेशी लहान आकाराची प्रथिने बाहेर सोडते. दुसऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर ती प्रथिने बसतील असे ग्राहक रेणू असतात. प्रथिन ग्राहकावर बसले, की त्या पेशीचे वागणे बदलते. अशा निरोप्या प्रथिनांना ‘सायटोकाइन’ म्हणतात. हे नाव १९७४ मध्ये पुढे आले. पण त्या कुळातील इंटरफेरॉन हे प्रथिन त्याआधीच, १९५७ मध्ये, लंडन येथे ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडनमान यांनी शोधले होते. आज असे कितीतरी सायटोकाइन माहीत आहेत. या लेखात त्यांपैकी एकाचाच इतिहास पाहू. हा रेणू दोनदा सापडला, त्याला दोन नावे मिळाली, आणि दोन्ही नावे अर्धीच खरी ठरली.

गाठ वितळवणारा ताप

इ. स. १८९१ च्या प्रारंभी विल्यम कोली या न्यूयॉर्कमधील तरुण शल्यचिकित्सकाची एक रुग्ण दगावली. ती जेमतेम सतरा वर्षांची होती. हाताच्या हाडाचा सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, तिला झाला होता. हात कापूनही रोग अंगभर पसरला. अस्वस्थ झालेला कोली रुग्णालयातील जुनी कागदपत्रे चाळू लागला. तेव्हा त्याला एक विलक्षण नोंद आढळली. मानेवर सार्कोमाची मोठी गाठ असलेल्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया करूनही गाठ पुन्हा पुन्हा वाढत होती. त्यातच त्याला विसर्प झाला. हा त्वचेचा जंतुसंसर्ग असून मराठीत त्याला धावरे असेही म्हणतात. अंग तापाने फणफणले, आणि ताप उतरला तेव्हा गाठ नाहीशी झालेली होती. कोलीने त्या माणसाला शहरात हुडकून काढले. तो धडधाकट होता.

कोलीने त्याच वर्षी एक धाडस केले. बऱ्या न होणाऱ्या गाठी असलेल्या रुग्णांना त्याने विसर्पाचे जिवंत जिवाणूच टोचले. पहिल्या रुग्णाला जोराचा विसर्प झाला, त्याची गाठ वितळली आणि तो पुढे काही वर्षे जगला. पण दोन रुग्ण या संसर्गानेच दगावले. म्हणून १८९३ पासून कोली मारलेले जिवाणू वापरू लागला. त्यात विसर्पाचे स्ट्रेप्टोकॉकस होते, आणि सेराशिया नावाचे दुसरे जिवाणूही होते. हे मिश्रण ‘कोलीची विषे’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पोटात मोठी गाठ असलेल्या एका मुलाला त्याने ते टोचले, तेव्हा गाठ विरली आणि तो मुलगा पुढे सव्वीस वर्षे जगला. मात्र सर्वांनाच असा गुण येत नसे. मिश्रणाची ताकद दरवेळी वेगळी असे, आणि गाठ का विरते याचे स्पष्टीकरण कोणापाशीच नव्हते. दरम्यान क्ष-किरणांचा उपचार आला. १९३६ मध्ये कोली वारला तेव्हा त्याची पद्धत बहुतेकांनी सोडून दिली होती.

विष नेमके कोणाचे?

इकडे बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत रिचर्ड फायफर हे कॉलऱ्याच्या जिवाणूंवर काम करीत होते. १८९२ च्या सुमारास त्यांना असे आढळले, की उष्णतेने मारलेले जिवाणू टोचले तरी गिनीपिग मरतात. म्हणजे विष जिवाणूच्या अंगातच असले पाहिजे. त्याला ‘अंतर्विष’ असे नाव मिळाले. हे विष म्हणजे जिवाणूच्या बाह्य आवरणातील मेद व शर्करा यांचा संयुक्त रेणू होय, हे पुढे कळले. १९४३ मध्ये अमेरिकेत मरे शीअर यांनी कोलीच्या मिश्रणातील सेराशिया जिवाणूपासून असाच पदार्थ वेगळा काढला आणि त्याने उंदरांच्या गाठी काळ्या पडून मरतात असे दाखवले.

मग अंतर्विष थेट गाठीवरच घाला घालते काय? परीक्षानळीत वाढवलेल्या कर्कपेशींवर ते घातले, तर त्या मजेत वाढत राहतात. याचा अर्थ अंतर्विष स्वतः मारत नाही, ते दुसऱ्या कोणाकडून तरी मारवते.

तो ‘दुसरा कोणीतरी’ १९७५ मध्ये सापडला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रात एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड व सहकारी यांनी उंदरांना आधी बीसीजी टोचली. आपल्याकडे जन्मल्यावर बाळाला दिली जाते तीच ही क्षयाची लस. तिने उंदराच्या शरीरातील मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी वाढतात व सज्ज होतात. मग त्या उंदरांना अंतर्विष टोचले आणि सुमारे दोन तासांनी त्यांचे रक्त काढले. रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी सुटते, ते सीरम. हे सीरम त्यांनी गाठी असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिले. त्यांच्या गाठी मधोमध काळ्या पडून मेल्या. नुसती बीसीजी किंवा नुसते अंतर्विष दिलेल्या उंदरांच्या सीरममध्ये हा गुण नव्हता. सीरममधील या घटकाला ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, म्हणजे गाठ मारणारा घटक, असे नाव देण्यात आले. आपण त्याला टीएनएफ म्हणू. ऐंशी वर्षांनंतर कोलीला पुरावा मिळाल्यासारखे वाटले.

खंगणारे ससे

आता दुसरी वाट पाहू. आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे ट्रिपॅनोसोमा या एकपेशीय परजीवीचा संसर्ग गुरांना होतो आणि गुरे खंगून मरतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील अँथनी सेरामी यांना या खंगण्याचे कोडे सतावत होते. त्यांनी सशांमध्ये हा संसर्ग घडवून आणला. सशांच्या रक्तात परजीवी थोडेच होते, तरी ससे हाडांचे सापळे झाले. याहून चमत्कारिक म्हणजे, अंगावर मांस नसलेल्या त्या सशांच्या रक्तात मेद मात्र भरपूर होता. १९८० मध्ये कॅरल राउझर व सेरामी यांनी याचे कारण दाखवले. रक्तातील मेद पेशींनी उचलून घ्यावा यासाठी एक विकर लागते. आजारी सशांमध्ये त्याचे काम मंदावले होते. घरात धान्याच्या राशी असाव्यात आणि जाते बंद पडावे, तशी त्यांची गत झाली होती.

विकर कोण बंद पाडतो, हे शोधताना सेरामी यांच्या गटाला एक खास जातीचे उंदीर उपयोगी पडले. या उंदरांना अंतर्विष कितीही टोचले तरी फारसे बाधत नाही. पण अंतर्विष दिलेल्या साध्या उंदरांचे सीरम त्यांना टोचले, की त्यांचेही विकर मंदावते. म्हणजे येथेही अंतर्विष प्रत्यक्ष काही करीत नव्हते. सीरममध्ये कोणी मध्यस्थ होता. सेरामी यांनी त्याला ‘कॅकेक्टिन’ असे नाव दिले. रोगात शरीर झिजण्याला वैद्यकात ‘कॅकेक्सिया’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. मराठीत सांगायचे तर ‘क्षयकारक’.

रस्त्याच्या दोन बाजू

न्यूयॉर्कमध्ये यॉर्क ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. त्याच्या एका बाजूला मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्र आणि दुसऱ्या बाजूला रॉकफेलर विद्यापीठ. एका बाजूला गाठ मारणाऱ्या घटकाचा शोध चालला होता, दुसऱ्या बाजूला शरीर झिजवणाऱ्या घटकाचा. एकाकडे रोग बरा करण्याची आशा म्हणून पाहिले जात होते, तर दुसऱ्याकडे रोगाचे कारण म्हणून.

सेरामी यांच्या प्रयोगशाळेत ब्रूस बॉयटलर या तरुण डॉक्टरने १९८५ मध्ये कॅकेक्टिन शुद्ध स्वरूपात मिळवले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. या माळेच्या टोकाचे मणी कोणत्या क्रमाने ओवले आहेत ते त्याने तपासले. टीएनएफची माळ याच सुमारास दुसऱ्या शास्त्रज्ञांनी उलगडली होती. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या, तर क्रम एकच! गाठ मारणारा आणि शरीर झिजवणारा हे दोन रेणू नव्हतेच.

बॉयटलर व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी आणखी एक प्रयोग केला. या प्रथिनाला पकडून निकामी करणारी प्रतिपिंडे उंदरांना आधी दिली आणि मग अंतर्विषाची मारक मात्रा दिली. उंदीर वाचले. १९८६ मध्ये केविन ट्रेसी व सहकाऱ्यांनी उलट बाजूने तपासले. जिवाणू नाहीत, अंतर्विष नाही, नुसते शुद्ध टीएनएफ उंदरांना टोचले. तरीही रक्तदाब कोसळला आणि अंतर्विषाने होते तशीच इजा झाली. फायफर यांच्यापासून नव्वद वर्षे ज्याला जिवाणूंचे विष म्हटले जात होते, त्याचा मारकपणा बराचसा आपल्याच शरीराच्या प्रतिसादात होता.

शेजाऱ्याचा निरोप आणि गावची दवंडी

शरीर असा घातक रेणू स्वतःच का बनवते? आता पुन्हा काट्याकडे येऊ. पायाच्या अंगठ्यातील भक्षक पेशींनी थोडे टीएनएफ सोडले, की आसपासच्या केशवाहिन्या रुंदावतात. म्हणून लाली व उष्णता. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन द्रव पाझरतो. म्हणून सूज. भिंतींचा आतला भाग चिकट होतो आणि वाहत्या पांढऱ्या पेशी तेथे अडकतात. हेच आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. बारीक वाहिन्यांत रक्त गोठते आणि जिवाणूंची वाट बंद होते.

हाच निरोप रक्तातून साऱ्या शरीरात पोचला तर? सगळ्याच वाहिन्या रुंदावतात, सगळीकडे द्रव पाझरतो, रक्तदाब घसरतो. जागोजागी रक्त गोठून मूत्रपिंडे व फुप्फुसे काम सोडतात. क्रिया त्याच, पण अंगठ्यात त्या जीव वाचवतात आणि शरीरभर झाल्या तर जीव घेतात. शेजाऱ्याला कुजबुजून सांगावयाच्या निरोपाची गावभर दवंडी पिटली, तर गावात जो हलकल्लोळ माजेल तसेच हे आहे. सायटोकाइनला स्वतःचा चांगला-वाईट स्वभाव नाही. तो कोठे, किती आणि किती काळ आहे, यावर सारे ठरते.

हे न ओळखल्याची किंमत मोजावी लागली. नाव ‘गाठ मारणारा घटक’ असल्याने १९८० च्या दशकात कर्करोग्यांना शुद्ध टीएनएफ टोचून पाहण्यात आले. हुडहुडी, ताप आणि रक्तदाबाची घसरण इतकी होई, की गाठीला पुरेल एवढी मात्रा देताच येईना. त्याचा उपयोग साधला तो निराळ्या युक्तीने. हात किंवा पाय यांचा रक्तपुरवठा यंत्राच्या साहाय्याने तात्पुरता वेगळा करून तेवढ्याच भागात टीएनएफ व कर्करोगाचे औषध फिरवायचे. हा उपचार युरोपात १९९९ मध्ये मान्य झाला, तोही हातापायांच्या सार्कोमासाठी. कोलीला ज्या रोगाने अस्वस्थ केले, त्याच कुळातील हा रोग. निरोप दवंडी होऊ दिला नाही, म्हणूनच हे जमले.

उलट दिशेचा प्रयत्नही फसला. १९८७ मध्ये बबून माकडांना टीएनएफविरोधी प्रतिपिंडे देऊन रक्तातील घातक जंतुसंसर्गातून वाचवता आले होते. पण माणसांवरील चाचण्यांत यश आले नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर टीएनएफ रोखणाऱ्या औषधाच्या मोठ्या मात्रेने मृत्यू वाढले. बबून माकडांना प्रतिपिंडे जिवाणूंच्या आधी दिलेली होती. रक्तात टीएनएफची लाट दीड-दोन तासांत उसळते आणि ओसरते. रुग्ण इस्पितळात पोचतो तोवर दवंडी पिटून झालेली असते.

सांध्यातील न थांबणारा निरोप

मग हा निरोप अडवण्याचा उपयोग कोठे? जेथे तो वर्षानुवर्षे थांबतच नाही तेथे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपल्याकडे बहुधा आमवात म्हणतात, त्या रोगात सांध्यांचे अस्तर सतत दाहाने सुजलेले असते. हळूहळू कूर्चा व हाडे झिजून बोटे वाकडी होतात. लंडनच्या केनेडी संस्थेतील मार्क फेल्डमन व रविंदर मैनी यांनी अशा सांध्यांतील ऊती अभ्यासल्या. यांपैकी मैनी यांचा जन्म लुधियानाचा. सांध्यात अनेक सायटोकाइन एकाच वेळी सापडत. त्यामुळे एकाला अडवून काय होणार, असा आक्षेप होता. पण १९८९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की परीक्षानळीतील या पेशींमध्ये टीएनएफ अडवले, की इंटरल्युकिन-१ या दुसऱ्या सायटोकाइनचे उत्पादनही थांबते. म्हणजे टीएनएफ हे रांगेतील पहिले होते. पहिला निरोप अडला, की पुढचे आपोआप अडतात.

१९९२ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात वीस रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड देण्यात आले. काही आठवड्यांतच सूज व वेदना उतरल्या. १९९४ मध्ये ७३ रुग्णांवरील काटेकोर चाचणीने यावर शिक्कामोर्तब केले. हे प्रतिपिंड म्हणजे आजचे इन्फ्लिक्सिमॅब. १९९८ मध्ये अमेरिकेत ते आतड्याच्या क्रोन रोगासाठी आणि १९९९ मध्ये आमवातासाठी मान्य झाले. फेल्डमन व मैनी यांना २००३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. भारतात २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने अडालिमुमॅब या अशाच औषधाची स्वस्त आवृत्ती बाजारात आणली.

क्षयाचे कुंपण

कथा येथेच संपली असती तर ती विजयकथा झाली असती. पण २००१ मध्ये जोसेफ कीन व सहकाऱ्यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. तोवर जगात सुमारे १,४७,००० रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब दिले गेले होते. त्यांपैकी ७० जणांना क्षयरोग झाल्याच्या नोंदी आल्या होत्या. बहुतेकांना तो औषध सुरू केल्यावर थोड्याच आठवड्यांत झाला होता. शिवाय ४० जणांमध्ये तो फुप्फुसांच्या बाहेर पसरला होता. एरवी असे प्रमाण फारच कमी असते.

क्षयाचे जंतू श्वासावाटे आत गेले, तरी बहुतेकांना रोग होत नाही. भक्षक पेशी जंतूंभोवती कडे करतात व त्यांना गाठीएवढ्या कुंपणात कोंडून ठेवतात. जंतू मरत नाहीत, पण बाहेरही पडत नाहीत. हे कुंपण उभारण्यास व टिकवण्यास टीएनएफ लागते. १९९५ मध्ये जोअॅन फ्लिन व सहकाऱ्यांनी दाखवले होते, की ज्या उंदरांमध्ये टीएनएफचा ग्राहक रेणू नसतो, ते क्षयाच्या संसर्गाने लवकर मरतात. सांध्यातील निरोप अडवायला दिलेले औषध फुप्फुसातील पहारेकऱ्यांचाही निरोप अडवत होते.

आपल्या भाषेत या रोगाला ‘क्षय’ म्हणतात, कारण त्यात माणूस झिजतो. झिजण्याचे कारण म्हणून ज्या रेणूचे नाव ‘क्षयकारक’ ठेवले, तोच क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवणारा निघाला. एकटे टीएनएफ झिजेला कारण नसते, त्यात इतर सायटोकाइनही असतात, हेही पुढे स्पष्ट झाले. म्हणजे नाव दोन्ही बाजूंनी अपुरे ठरले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि कुंपणात कोंडलेले जंतू बाळगणारी निरोगी माणसे तर याहून कितीतरी अधिक. म्हणून ही औषधे सुरू करण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र आणि त्वचेची अथवा रक्ताची क्षयचाचणी करावी लागते. कोंडलेला संसर्ग आढळल्यास आधी त्यावर प्रतिबंधक औषधे देतात. आपल्या ओळखीत कोणी असा उपचार घेत असेल, तर ही चाचणी टाळू नये असे आपण खुशाल सांगावे.

अंतर्विष न बाधणाऱ्या त्या उंदरांचीही हकीकत अशीच आहे. बॉयटलर यांनी वर्षानुवर्षे शोध घेऊन १९९८ मध्ये त्यांच्यातील बिघडलेले जनुक शोधले. अंतर्विष ओळखणारा ग्राहक रेणूच त्यांच्यात निकामी होता. या शोधासाठी त्यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण अंतर्विषाने न मरणारे हे उंदीर, साल्मोनेला जिवाणूंचा खराखुरा संसर्ग झाला, तर साध्या उंदरांपेक्षा लवकर मरतात. ज्याला धोक्याची घंटा ऐकूच येत नाही, त्याची झोप मोडत नाही हे खरे. पण घर लुटले जाते.

कोविडच्या साथीत ‘सायटोकाइनचे वादळ’ हे शब्द घरोघरी पोचले आणि सायटोकाइन म्हणजे काहीतरी वाईट, अशी अनेकांची समजूत झाली. त्याच साथीत, २०२० मध्ये, ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत दाह शमवणाऱ्या डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना त्याचा काही फायदा झाला नाही. औषध तेच, रोगही तोच. फरक होता वेळेचा.

पाठ्यपुस्तकात रेणूचे नाव आणि त्यापुढे एका ओळीत त्याचे ‘कार्य’ असा तक्ता असतो. परीक्षेसाठी तो सोयीचा आहे. पण यॉर्क ॲव्हेन्यूच्या दोन बाजूंना दहा वर्षे असेच दोन तक्ते भरले जात होते, आणि दोन्हींत एकच रेणू होता. विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, टीएनएफ चांगले की वाईट?’ तर उत्तर देण्याऐवजी त्यालाच उलट विचारावे: कोठे? किती? आणि किती वेळ?